हाताला हुनर, डोक्याला इल्म : डॉ. झाकीर हुसैन

डॉ. झाकीर हुसैन म्हटलं की देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती एवढंच आपल्याला आठवतं. पण ते आधी शिक्षक होते. 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत जन्म. लहानपणीच आई-वडिलांचं छत्र हरपलं. अलीगढला शिकत असताना 1920 मध्ये असहकाराची हाक आली आणि ते जामिया मिल्लिया उभारणाऱ्यांत सामील झाले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन 1926 मध्ये परतले तेव्हा जामिया बंद पडायच्या बेतात होती. तुटपुंज्या पगारावर त्यांनी ती 22 वर्षे सांभाळली.

ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीरसाहेब. त्यांचा आराखडा असा : 7 ते 14 वयाच्या मुलामुलींना मातृभाषेतून मोफत, सक्तीचं शिक्षण आणि मधोमध एक हुनर. सूतकताई, सुतारकाम किंवा शेती. लाकूड मोजताना गणित, कापूस हाताळताना भूगोल. मात्र कमाईवरच भर दिला तर शाळेचा कारखाना होईल, हेही त्यांनी बजावलं. मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत.

3 मे 1969 रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. जामियाच्या आवारातच ते दफन आहेत.

मालेगाव-भिवंडीत हुनर घराघरात आहे. पण पोरगा लूमवर गेला की शाळा सुटते आणि शाळेत रमला की हाताचं काम कमीपणाचं वाटतं. झाकीरसाहेबांना या दोन वाटा एक करायच्या होत्या. आपल्या शाळांनी ते काम आता तरी हाती घ्यावं.