कोटीतला एक

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टचं पोस्टर तयार करताना आमच्या ग्रुपमध्ये पहिलं खरंखुरं भांडण झालं, आणि तेही कशावरून? तर खाली नावं कुणाची टाकायची यावरून! प्रोजेक्ट होता चांदीच्या नॅनोकणांवर रंगाचा थेंब टाकून तो रामन स्पेक्ट्रोस्कोपीने ओळखायचा. ग्रुपमध्ये आम्ही तिघं. पण ऐनवेळी आम्हाला वाचवलं होतं ते त्या लॅबमधल्या एका पीएच.डी. करणाऱ्या ताईने. तिचं नाव टाकायचं की नाही? भांडण अर्धवट सोडून मी सी. व्ही. रामन यांचं चरित्र वाचायला घेतलं. खरं तर फक्त पोस्टरच्या इंट्रोडक्शनसाठी दोन ओळी हव्या होत्या. शाळेत दर 28 फेब्रुवारीला मी त्यांच्यावर इंग्लिशमध्ये भाषण ठोकलेलं आहे, त्यामुळे मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे. पण माहीत होतं ते एवढंच: समुद्र निळा, नोबेल मिळालं, टाळ्या.

रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि फिजिक्स शिकवायचे. मुलगा इतका हुशार की अकराव्या वर्षी मॅट्रिक आणि अठराव्या वर्षी लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये पहिला पेपर. (आम्ही विसाव्या वर्षी अजून केटी मोजतोय.) पण त्या काळी सायन्स करून पोट भरेल अशी नोकरीच नव्हती. म्हणून 1907 मध्ये त्यांनी सरकारी फायनान्स खात्याची परीक्षा दिली, पहिले आले, आणि कलकत्त्याला हिशेब तपासायला बसले.

तिथे बहुबाजार स्ट्रीटवर त्यांना एक पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये सुरू केलेली, पण तोपर्यंत ओसाड पडत चाललेली संस्था. रामन यांनी दार वाजवलं आणि ते उघडलं आशुतोष डे नावाच्या मदतनिसाने. त्यानंतर पहाटे लॅब, मग ऑफिस, संध्याकाळी परत लॅब. मध्ये रंगून आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली, पण ते परत कलकत्त्याला आले. 1917 मध्ये युनिव्हर्सिटीने प्रोफेसरकी देऊ केली तेव्हा पगार जवळजवळ निम्मा होणार होता, तरी गेले. आणि हे डे, ज्यांनी कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांचं नाव रामन यांनी 1920 च्या एका पेपरवर स्वतःच्या नावाशेजारी छापलं. विषय काय, तर पाण्यात वस्तू पडल्यावर होणारा आवाज! हे वाचून मी लगेच ग्रुपला दाखवलं. समोरचा म्हणाला, पुढे वाच.

1921 मध्ये रामन इंग्लंडहून नारकुंडा बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जायचं. त्यांनी खिशातल्या निकोल प्रिझमने आकाशाची चकाकी कापून पाहिलं, तर निळा रंग आणखीच गडद दिसला! म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरतंय. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा यावरचं त्यांचं पत्र तयार होतं.

यापुढची सात वर्षं मला सगळ्यात आवडली. 1923 मध्ये त्यांचे विद्यार्थी रामनाथन पाण्यातून विखुरणारा प्रकाश तपासत होते. आत घातलेल्या रंगापेक्षा वेगळ्याच रंगाचा एक अगदी मंद उजेड त्यांना दिसत होता. सगळ्यांना वाटलं, पाण्यात घाण असेल, तिचा फ्लुओरेसन्स असेल. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. उजेड गेला नाही. 1925 मध्ये कृष्णन यांना तो इतर द्रवांत दिसला, पुढे वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये. आणि घाणीमुळे येणारा उजेड एवढा पोलराइज्ड नसतो, हे लक्षात आल्यावर रामन यांनी सगळं बाजूला ठेवून त्याच्याच मागे लागायचं ठरवलं. सूर्यप्रकाश जांभळ्या-निळ्या फिल्टरमधून द्रवावर टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने असा फिल्टर धरायचा की पहिल्यातून आलेला सगळा प्रकाश अडला पाहिजे. म्हणजे अंधार दिसायला हवा. दिसला उजेड. 28 फेब्रुवारी 1928 ला स्पेक्ट्रोस्कोपमधून तो वेगळा दिसला आणि विषय संपला.

कारण असं. प्रकाशाचे जवळजवळ सगळे कण रेणूवर आपटून त्याच रंगाचे परत येतात. साधारण कोटीत एक कण आपली थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरण्याला देऊन टाकतो आणि बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. किती ऊर्जा गेली यावरून रेणू कोणता ते कळतं, बोटांच्या ठशासारखं. पण कोटीत एक! गाड्या भरून भुसा उपसायचा तेव्हा एक दाणा.

नेचरमधल्या त्या पेपरवर रामन आणि कृष्णन अशी दोन्ही नावं आहेत. साठेक द्रव तपासण्यात कृष्णन दिवसरात्र होते. मॉस्कोला लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनाही त्याच दिवसांत क्वार्ट्झमध्ये हेच दिसलं होतं. 1930 चं नोबेल मात्र एकट्या रामन यांना. यावर मोठमोठे लोक वाद घालतात, मी काय बोलणार? पण पोस्टरचा विषय डोक्यात होताच, त्यामुळे टोचलं.

त्याहून जास्त टोचलं ते पुढे. 1933 मध्ये रामन बंगलोरच्या इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर झाले. त्याच वर्षी मुंबईची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (नंतरच्या कमला सोहोनी) यांनी अर्ज केला आणि रामन यांनी तो मुलगी म्हणून नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत, थेट जाऊन भिडल्या. मग प्रवेश मिळाला, पण एक वर्ष प्रोबेशनवर. त्या टिकल्या, आणि 1939 मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. रामन यांनी नंतर मुलींना घेतलं हे खरं. त्यांच्या लॅबमध्ये ॲना मणी हिऱ्यांवर काम करायच्या, एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास एक्सपोजर लागायचं. पण जो माणूस घाणीचा म्हणून टाकलेला उजेड पुन्हा उचलून बघतो, त्याला समोर उभी असलेली मुलगी अर्ज बघूनच टाकाविशी वाटावी? चरित्र मिटवून मी चहा प्यायला गेले. माझं अजूनही ठरत नाही की चिडायचं की नमस्कार करायचा. दोन्ही करते.

पुढे इन्फ्रारेडची यंत्रं सोपी झाली आणि रामन इफेक्ट मागे पडला. 1960 मध्ये लेसर आला, तेव्हा त्याला परत जीव आला. 1948 मध्ये स्वतः उभारलेल्या संस्थेत रामन शेवटपर्यंत फुलं, हिरे, रंग बघत राहिले. 21 नोव्हेंबर 1970 ला ते गेले. अंत्यसंस्कार तिथल्याच बागेत झाले.

आणि चारच वर्षांनी, 1974 मध्ये, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅकक्विलन यांनी खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडीनचा थर तपासला. सिग्नल भलताच मोठा आला. त्यांना वाटलं, खरबरीत म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणून रेणू जास्त बसले. 1977 मध्ये व्हॅन डाइन आणि जाँमेअर यांनी, आणि वेगळे आल्ब्रेख्त आणि क्राइटन यांनी, दाखवून दिलं की तेवढ्याने भागत नाही. वाढ लाख ते दहा लाख पट आहे! चांदीच्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात आणि कणाला अगदी चिकटून प्रचंड तीव्र क्षेत्र तयार होतं. दोन कण जवळ आले की मधल्या काही नॅनोमीटरच्या फटीत तर विचारूच नका. 1997 पर्यंत एकेका रेणूचा ठसा मिळू लागला.

आमची गोष्ट या फटीतच अडकली होती. सिल्व्हर नायट्रेट उकळून, सोडियम सायट्रेट घालून पिवळट-राखाडी द्रव केला होता. नुसत्या रोडामिनवर लेसर टाकला तर फ्लुओरेसन्सचा एक मोठा टेकाड, बाकी काही नाही. रामनाथन यांचा संशय आमच्याकडे खरा ठरला होता! चांदी घातली तर टेकाड थोडा बसला, पण शिखरं काही दिसेनात. दोन दिवस गेले. मग ताईने येऊन विचारलं, मीठ घातलंत का? मीठ घातलं की कण एकमेकांजवळ गोळा होतात, फटी तयार होतात. तिने स्वतःच्या बाटलीतले दोन थेंब टाकले आणि 612, 773, 1363 अशी एकेक शिखरं स्क्रीनवर उभी राहिली.

हे सगळं मी ग्रुपला वाचून दाखवलं. डे यांचा पेपर, कृष्णन, कमलाताई, सगळं. समोरचा म्हणाला, अगं मीठच तर घातलं तिने. मी म्हटलं, कोटीत एकच असतो. त्याने पाच मिनिटं तोंड वाकडं केलं आणि मग फाइल उघडून चौथं नाव टाइप केलं. स्पेलिंग चुकवलं होतं, ते मी नीट केलं.