श्री गाडगे महाराजांची निरवानिरव

स्मरणिकेच्या चिटणीसांनी यंदा आपल्या परीट समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, अशी सूचना केली. थोर पुरुष म्हटला की श्री गाडगे महाराजांचेच नाव पुढे येते. त्यांच्या झाडूविषयी व कीर्तनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एका अंगाकडे आपल्या मंडळींचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. ते अंग म्हणजे मालमत्ता, तिचे कागदपत्र व मालकाच्या पश्चात तिची व्यवस्था. या अक्षरशत्रू पुरुषाने आपल्या हयातीत जी निरवानिरव केली, ती चांगल्या शिकल्या-सवरलेल्यांनाही साधत नाही. म्हणून तेवढाच भाग येथे सांगण्याचे योजिले आहे.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन जडले आणि घरदार हातचे गेले. १८८४ साली ते वारले, तेव्हा डेबूजी आठ वर्षांचे होते. पतीने मागे ठेवले ते कर्ज व दारिद्र्य. तेव्हा सखूबाईंनी मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे माहेर गाठले. बार्शीटाकळीहून ते गाव काही फार दूर नाही, आणि तिकडील जमीन कशी आहे हे आपणापैकी अनेकांना ठाऊक आहे. आजोबा हंबीरराव व मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखता राखता ते नांगर धरावयास शिकले आणि थोड्याच वर्षांत मामाच्या वावराचा सारा भार त्यांच्या अंगावर आला.

येथे सावकाराचे प्रकरण घडले. मामा सरळ मनुष्य होते. सावकाराचा शब्द तोच कागद असे ते मानीत. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, ज्या कागदावर अंगठा उठवावयाचा तो दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा, ही सावधगिरी त्यांना कोणी शिकविली नव्हती. कर्ज फिटत आले अशा समजुतीत ते राहिले, आणि कागदाच्या जोरावर त्यांचे उत्तम वावर सावकाराने आपलेसे केले. मामा या काळजीने खचले व त्यातच त्यांचा अंत झाला. पुढे सावकार माणसे घेऊन ताबा घ्यावयास आला, तेव्हा तरुण डेबूजी वावरात उभे राहिले आणि त्यांनी त्या माणसांना पिटाळून लावले. धोब्याच्या पोराने सावकाराला अडविले, याची पंचक्रोशीत मोठी चर्चा झाली. परंतु मनगटाने फार तर एक दिवस निभावतो. कागद वर्षानुवर्षे बोलत राहतो. ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली असावी, असे त्यांचे पुढील वर्तन पाहता वाटते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या कन्येच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य-मांसाचे जेवण द्यावयाचे, त्याऐवजी त्यांनी गोड जेवण घातले. जातभाई रुसले, पण ते मागे हटले नाहीत. कार्यप्रसंगी ऋण काढून पंक्ती उठवावयाच्या व मग वावर गहाण टाकावयाचे, ही चाल आपल्या वऱ्हाडात अजूनही पुरती मोडलेली नाही, म्हणून हा प्रसंग मुद्दाम नमूद केला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी व मडक्याचे खापर. या खापरावरून, म्हणजे गाडग्यावरून, लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, असा त्यांचा क्रम ठरून गेला. ऋण काढून सण साजरे करू नका, देवापुढे बकरे मारू नका, घरातील भांडे मोडावे लागले तरी चालेल पण मुलाला शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश असे. श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेण्याची त्यांची हातोटी एखाद्या कसलेल्या शिक्षकाला लाजविणारी होती. प्रस्तुत लेखकाने सारा जन्म खडूफळ्यापुढे घालविला आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

पैसा त्यांच्याकडे आपोआप येऊ लागला. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण झाले. मुंबईस दूरदूरच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. ठिकठिकाणी अन्नछत्रे व वसतिगृहे निघाली. या साऱ्या इमारतींची किंमत लाखांनी मोजावी लागेल. आणि ज्याच्या शब्दावर त्या उभ्या राहिल्या, तो पुरुष मात्र खापरातील भाकर खाऊन त्यांच्या बाहेर निजे.

आता मुख्य मुद्दा. अशा सत्पुरुषाच्या पश्चात काय होते, हे आपण पाहतोच. पुतणे येतात, जावई येतात, शिष्यांत गादीसाठी तंटे लागतात आणि देवाच्या नावाची जागा कचेरीत पडते. महाराजांनी या गोष्टीला फटच ठेवली नाही. जी वास्तू उभी राहिली तिचे विश्वस्त नेमून ती त्यांच्या स्वाधीन करावयाची, तिचे लेख रीतसर करून द्यावयाचे, आणि आपण काठी उचलून पुढल्या गावी जावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. स्वतःच्या नावे त्यांनी काही ठेवले नाही व नातलगांचा हक्क त्यात शिरू दिला नाही. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, असे ते वारंवार सांगत. लोक याला विनय समजत. पण त्यात व्यवहारही होता. शिष्यच नाही म्हटल्यावर गादी कोणाची आणि वारस कोण?

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा हे याचे ठळक उदाहरण होय. अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा नसे, त्यांच्यासाठी ती बांधली होती. १९४९ साली महाराजांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ती संस्था १९४५ साली स्थापन झालेली, शिक्षणाचे काम करणारी. वास्तू कोणी बांधली यापेक्षा पुढे ती कोणाच्या हाती उपयोगी पडेल, हे त्यांनी जिवंतपणी पाहिले व तसे केले. पुढे ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व कार्याला एक कायमचे घर मिळाले.

यात कुटुंबाची आबाळ झाली नाही काय, असा प्रश्न स्त्रीवर्ग विचारील आणि तो रास्त आहे. कुंताबाईंनी कष्टात व झोपडीत दिवस काढले. पुत्र गोविंद ऐन तारुण्यात वारला. ती वार्ता महाराजांना कोकणात कीर्तन चालू असताना कळली, आणि कीर्तन थांबले नाही. हे वाचताना माझ्यासारख्या संसारी माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही येतो. लोकांच्या पैशावर घरच्यांचा हक्क नाही, हा त्यांचा हिशेब चोख होता यात शंका नाही. परंतु गृहस्थाश्रम्याने त्याचे अनुकरण करावयाचे नसते. आपण घ्यावयाचा तो त्यांचा चोखपणा. जे ज्याचे त्याला, आणि तेही आपण बोलते-चालते असताना, लेखी.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी दोन्ही भावांची वाटणी तोंडीच केली. विहीर सामाईक, धुऱ्यावरची बाभूळ थोरल्याची, असे सारे ओसरीवर बसून ठरले. वडील गेले, वारसनोंद वेळेवर झाली नाही, आणि बहिणीचे नाव लावावयाचे की नाही यावरून बोलणे वाढत गेले. नऊ वर्षे आम्ही सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी गेलो नाही. विहिरीचे पाणी तेवढे दोघांच्या वावरात जात राहिले. कागदाचे महत्त्व दुसऱ्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या मास्तराच्या घरी हे घडले.

म्हणून आपल्या कुटुंबांच्या माहितीसाठी चार गोष्टी येथेच सांगून ठेवतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली व हयात असल्यास आई यांचे सारखे हिस्से होतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. तेव्हा मृत्युपत्र करणाऱ्याने आपला हिस्सा केवढा हे आधी पाहावे, कारण दुसऱ्याचा हिस्सा लिहून देता येत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरही ते होते. लिहिता न येणाऱ्याचा अंगठाही चालतो. मात्र दोन साक्षीदारांची सही हवी, आणि ज्याला लाभ व्हावयाचा त्याला साक्षीला न घेणे बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. माणूस वारल्यावर वारसांनी सातबाऱ्यावर नावे लावून घेण्यास आळस करू नये. आणि फेडलेल्या प्रत्येक कर्जाची पावती व बेबाकीचा दाखला पेटीत जपून ठेवावा. चंद्रभानजींच्या पेटीत तेवढे असते, तर दापुऱ्याचे वावर गेले नसते.

महाराजांची प्रकृती १९५६ साली ढासळली. डॉ. आंबेडकर ६ डिसेंबरला निवर्तले, आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात महाराजांनी देह ठेवला. अमरावतीत जेथे त्यांची समाधी झाली तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो, आणि तेथील विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. जाण्याच्या वेळी त्यांच्याजवळ वाटून द्यावयाचे असे काहीच उरले नव्हते. धर्मशाळा, गोरक्षण, वसतिगृहे, सारे आधीच ज्याच्या त्याच्या स्वाधीन झालेले होते.