हंसांची आई : कोनराड लोरेंझ

बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून उबविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सुमारे २८ दिवसांनी पिले बाहेर येतात, कोंबडीलाच आई मानून तिच्यामागे अंगणभर हिंडतात, आणि एके दिवशी डबके दिसताच खुशाल त्यात उतरतात. बिचारी कोंबडी काठावर कलकलाट करीत राहते. आपण हे कौतुकाने पाहतो व विसरून जातो. परंतु पिले कोंबडीला आई का मानतात, या प्रश्नामागे ज्याने आपले आयुष्य वेचले, अशा एका शास्त्रज्ञाची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थी मित्रांना करून देणार आहोत.

कोनराड लोरेंझ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील अ‍ॅडॉल्फ लोरेंझ हे अस्थिव्यंगांवर उपचार करणारे नामांकित शल्यवैद्य होते. डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावी त्यांचे प्रशस्त घर होते. कोनराडला स्वतः वाचताही येत नव्हते, अशा वयात कोणी तरी त्याला सेल्मा लागरलव्ह या स्वीडिश लेखिकेची हंसाच्या पाठीवरून देशभर फिरणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून दाखविली. झाले! आपण रानहंस व्हावे, असे त्या बालकाने मनाशी घेतले. ते शक्य नाही हे कळल्यावर निदान एक हंस तरी पाळावा, असा त्याचा हट्ट सुरू झाला. तोही पुरा होईना, तेव्हा त्याने बदकावर समाधान मानले. शेजाऱ्याने दिलेले एक दिवसाचे पिलू त्याच्या पायांमागे धावू लागले. मार्गारेट ही बालमैत्रीणही या खेळात सामील असे. पुढे ती डॉक्टर झाली आणि १९२७ मध्ये त्यांची सहधर्मचारिणी बनली.

वडिलांच्या इच्छेनुसार लोरेंझ यांनी १९२८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. परंतु ओढा पशुपक्ष्यांकडेच असल्यामुळे १९३३ मध्ये प्राणिशास्त्रातही डॉक्टरेट मिळविली. त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे आल्टेनबर्गचे अंगण. तेथे त्यांनी करड्या रानहंसाची, म्हणजे कलहंसाची, अंडी उबविली. एका अंड्यातून बाहेर येणारे पिलू ते जवळ बसून पाहत राहिले. नंतर त्यांनी ते घरच्या हंसिणीच्या पंखाखाली सारले. पण पिलू आक्रोश करीत बाहेर आले आणि त्यांच्याचकडे धावले. त्याने प्रथम पाहिले होते ते लोरेंझ यांना, म्हणून तेच त्याची आई! त्या पिलाचे नाव त्यांनी मार्टिना ठेवले. रात्री ती त्यांच्या बिछान्याशेजारी उबेत निजे व मधूनमधून जागी होऊन साद घाली. झोपेतही त्या सादेला उत्तर द्यावे लागे.

रानबदकांची पिले मात्र मुक्या माणसामागे येत नसत. त्यांना आईचा आवाज हवा असावा, असा तर्क करून लोरेंझ उकिडवे बसून बदकासारखे ओरडत गवतातून सरकू लागले. पिले मागोमाग निघाली! क्षणभर आवाज थांबला किंवा ते उभे राहिले, की रडारड सुरू. एकदा कुंपणापलीकडे माणसे जमली. उंच गवतात पिले दिसत नव्हती. दिसत होता तो बदकासारखा ओरडत रांगणारा एक दाढीवाला गृहस्थ. लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हंसाच्या पिलांची ही सवय बर्लिनचे ऑस्कर हाइनरोथ यांनी पूर्वीच पाहिली होती. लोरेंझ यांनी १९३५ मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली. नाण्यावर छाप उठावी, तसा जन्मानंतरच्या अल्प काळात पिलाच्या मनावर पहिल्या सोबत्याचा ठसा उमटतो, आणि तो सहसा पुसला जात नाही. पुढे नीको टिनबर्गन यांच्यासह त्यांनी आणखी एक नवल दाखविले. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे हंसीण मान लांबवून चोचीने आत ओढते. मध्येच ते अंडे काढून घेतले, तरी ती ओढण्याची क्रिया शेवटपर्यंत पुरी करते.

येथवरचे चरित्र आनंदाने सांगण्यासारखे आहे. परंतु पुढील भाग गाळणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याच वर्षी लोरेंझ नाझी पक्षात शिरले. पाळीव बदके व हंस रानच्या भाईबंदांपेक्षा जड आणि सुस्त होतात, हे त्यांनी पाहिले होते. तोच न्याय माणसाला लावून १९४० च्या सुमारास त्यांनी वंशशुद्धीच्या क्रूर कल्पनेला शास्त्राचा आधार देणारे लेखन केले. पिले डोळे मिटून कोणामागे जातात, हे जगाला शिकविणारा हा विद्वान स्वतःच अशा रीतीने एका दुष्ट मार्गाला लागला.

१९४४ मध्ये ते रशियनांच्या हाती सापडले व १९४८ पर्यंत युद्धकैदी होते. बंदिवासात सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर त्यांनी ग्रंथ लिहिला. सुटकेनंतर जर्मनीतील झेविझन येथील संस्थेत त्यांचे हंस पुन्हा त्यांच्यामागे पोहू लागले. १९७३ मध्ये टिनबर्गन व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी त्यांनी जुन्या लेखनाबद्दल खेद व्यक्त केला. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी ते निवर्तले. तरीही तो डाग विसरला गेला नाही. साल्झबुर्ग विद्यापीठाने त्यांना दिलेली सन्माननीय पदवी २०१५ मध्ये रद्द केली.

मित्रहो, घरी बदकाचे वा हंसाचे पिलू आणाल, तर पहिल्या दिवसापासून तुम्ही त्याची आई आहात, हे ध्यानी ठेवा. त्याला ऊब द्या, सोबत द्या, सादेला ओ द्या. पहिला ठसा निवडणे पिलाच्या हाती नसते. मनुष्याला मात्र आपण कोणामागे चाललो आहोत हे थांबून पाहता येते, आणि ते पाहण्याचे शिक्षण शाळेत मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.