मास्तर पुन्हा बाकावर बसले

मुलुंडहून लोकलने भायखळ्याला गेलेली आपली राणीबागेची सहल आठवते ना? तिथल्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. डॉक्टर होण्याआधी ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक होते. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा पहिल्याच तुकडीत ते विद्यार्थी म्हणून बसले. पुढे धाकटे बंधू डॉ. नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. कुष्ठरोगावरच्या औषधाचा ध्यास घेतला. १८७४ साली ते गेले.

तिशीत नोकरी सोडून मी पुन्हा कॉलेजात निघालो, तेव्हा लाज वाटत होती. भाऊंची ही गोष्ट सांगून धीर दिला, तो आपल्या इतिहासाच्या बाईंनी.