छापखाना सोडला, चित्रपट घडला

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’शी कायमचे जोडले गेले आहे. मात्र या चित्रपटापूर्वी त्यांनी नावारूपाला आलेला व्यवसाय सोडला, तेव्हा पुढचा मार्ग ठरलेला नव्हता.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. पुरातत्त्व खात्यातील सरकारी नोकरी त्यांनी स्वदेशी चळवळीच्या काळात सोडली आणि भागीदारीत छापखाना काढला. रंगीत छपाईच्या तंत्रासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. कामाचा लौकिक वाढला. परंतु भागीदारांशी मतभेद विकोपाला गेले. अखेर आर्थिक मोबदल्यावर पाणी सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुले. नव्या छापखान्यासाठी प्रस्ताव येत होते. तेही त्यांनी नाकारले.

याच रिकामपणाच्या काळात गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. आपली दैवते अशीच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. तासन् तास चित्रपट पाहणे आणि अहोरात्र प्रयोग यांमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनंतर ती परतली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले, तंत्र शिकून घेतले आणि कॅमेरा मागविला. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी छोटी चित्रफीत तयार करून त्यांनी भांडवलदारांची खात्री पटविली. तरीही पैसा अपुरा पडला आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. चित्रफितीला छिद्रे पाडण्यापासून कलावंतांच्या स्वयंपाकापर्यंतचा भारही त्यांनीच उचलला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी प्रदर्शित झाला.

पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीतही भागीदारांशी त्यांचे पटले नाही. तीही सोडून ते काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि कालांतराने ते पुन्हा कंपनीत परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

न पटणारे काम सोडण्याचा निर्णय दर वेळी फाळके यांचा होता; त्याची किंमत मात्र साऱ्या घराने मोजली. ‘राजा हरिश्चंद्र’चे श्रेय सांगताना सरस्वतीबाईंचे नाव म्हणूनच वगळता येत नाही.