डॉक्टर व्हिएगस

अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे या गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकीची परीक्षा दिली आणि पुढे मांडवी भागात ते रोगी तपासू लागले. १८८८ साली ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले.

मांडवी ही गोदीलगतची धान्याची पेठ. खाली कोठारे, वर माणसांनी गच्च भरलेल्या चाळी. दोन इमारतींमधील अरुंद घरगल्लीत मोऱ्यांचे व शौचकूपांचे पाणी साचून राही. कोठारांत उंदीर माजलेले. अशा वस्तीत १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात व्हिएगस यांना काही विलक्षण रोगी आढळले. सणसणून ताप येई, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. व्हिएगस यांनी रोग ओळखला. तो ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होता!

रोग ओळखणे कठीण खरे. पण त्याचे नाव उघड उच्चारणे त्याहून कठीण होते. प्लेगची वार्ता पसरताच परकी बंदरे मुंबईची जहाजे अडविणार, व्यापार बुडणार, लोक भयभीत होणार. तरीही २३ सप्टेंबर रोजी स्थायी समितीच्या बैठकीत व्हिएगस यांनी ते सांगून टाकले. अनेकांना हे निदान मान्य होईना. पुढे डॉ. हाफकिन यांनी मुंबईस येऊन सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली, तेव्हा शंकेस जागा उरली नाही.

रोगाचे विष गटारांत आहे, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक अ‍ॅसिडने धुऊन काढण्यात आली. प्लेग मात्र हटला नाही. तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखविले. पण तेही जगाने लगेच मानले नाही. व्हिएगस यांनी मात्र आरंभीच वस्त्यांच्या सफाईबरोबर उंदरांच्या नाशावरही भर दिला होता. मोऱ्या धुण्याचे श्रम अगदीच वाया गेले, असेही नव्हे. पटकी व विषमज्वर यांचे मूळ घाणीने दूषित झालेल्या पाण्यातच असते.

सुमारे साडेआठ लाख वस्तीचे शहर पाहता पाहता ओस पडू लागले. आगगाडीने लोक गावोगाव पांगले. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके याच मुंबई-नागपूर लोहमार्गावरची. पुढील काही वर्षांत प्लेगने वऱ्हाडही गाठले.

हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. सुईचे नाव काढताच लोक दारे लावीत. अशा दिवसांत व्हिएगस यांनी सुमारे १८,००० माणसांना लस टोचली. १९०६ साली ते महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

१९३३ साली व्हिएगस वारले. मुंबईकरांनी धोबीतलाव येथे त्यांचा पुतळा उभारला.