डॉ. झामेनहॉफ : ज्याने भाषा घडवली आणि मालकी सोडली

कोर्टात रोज दिसणारे एक दृश्य आहे. पक्षकार मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याची जमीन, नोकरी, अब्रू पणाला लागलेली असते आणि समोर इंग्रजीत चाललेल्या युक्तिवादातले अक्षरही त्याला कळत नसते. जिंकलो की हरलो, हे तो आमच्या चेहऱ्यावरून ताडतो. ज्यांची भाषा चालते त्यांचेच राज्य चालते, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नाही. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेत बाबासाहेबांना ती नाकारली गेली आणि त्यांना फारशी घ्यावी लागली, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजाने एका परक्या मुलखातील माणसाचे चरित्र वाचायलाच हवे. त्याचे नाव डॉ. लुडविक लेझर झामेनहॉफ.

जन्म १५ डिसेंबर १८५९. गाव बियालिस्तोक, आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन झारच्या साम्राज्यात होते. घर ज्यू, वडील भाषाशिक्षक. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन आणि बेलारूसी असे सगळे राहत. प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रार्थनास्थळ वेगळे आणि प्रत्येकाच्या मनात शेजाऱ्याविषयी संशय. सरकारची भाषा रशियन. ज्यूंची घरची भाषा यिडिश, तिला तर कुणी भाषा मानायलाही तयार नव्हते, सरळ बिघडलेली बोली म्हणत. आमच्या वस्तीतल्या बोलीला काय म्हटले जायचे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

१८७३ साली कुटुंब वॉर्साला आले. शाळकरी लुडविकने ठरवले की, कुणाचीच नसलेली आणि म्हणून सर्वांची होऊ शकेल अशी एक भाषा घडवायची. अडचण शब्दांची होती. एवढे शब्द लोकांनी पाठ करायचे कसे? उत्तर त्याला रस्त्यावर मिळाले. दुकानांच्या रशियन पाट्या वाचताना त्याच्या ध्यानात आले की, एकच प्रत्यय लागून पहारेकऱ्याची जागा तयार होते आणि मिठाईवाल्याचे दुकानही. म्हणजे मूळ धातू थोडे ठेवायचे आणि प्रत्ययांकडून काम करून घ्यायचे. पुढे त्याच्या भाषेत हेच झाले. 'साना' म्हणजे निरोगी. 'माल' हा उलटा अर्थ देणारा उपसर्ग लावला की 'मालसाना' म्हणजे आजारी. 'मालसानुलो' आजारी माणूस. 'मालसानुलेयो' म्हणजे इस्पितळ. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ'. लिहिले तसेच वाचायचे. कामगाराने दिवसभराच्या घामानंतर रात्री दिव्याखाली शिकावी, अशी ही बांधणी.

आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. या भाषेत समोरच्या माणसाला 'वी' म्हणतात. राजाला 'वी', हमालाला 'वी', बायकोला 'वी', पोराला 'वी'. एकेरी रूप कागदावर आहे, पण वापरात जवळजवळ नाही. ज्यांच्या आज्याला गावात साठीतही 'अरे' म्हणून हाक मारली गेली आणि नावाला 'या' जोडून ज्याची ओळख केली गेली, त्यांना या एका सर्वनामाची किंमत कळेल.

१८७८ साली वर्गमित्रांना जमवून त्याने आपल्या भाषेचा पहिला वाढदिवस साजरा केला. त्या भाषेत गाणेही म्हटले. शाळा सुटली, मित्र मोठ्या माणसांच्या जगात गेले आणि लोक हसतात म्हटल्यावर त्यांनी भाषा सोडून दिली. लुडविक एकटा उरला. वैद्यकशास्त्र शिकायला तो मॉस्कोला गेला. १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि त्याचा सूड ज्यू वस्त्यांवर उगवला गेला. त्या वर्षाच्या डिसेंबरात वॉर्सातही ज्यूंची घरे-दुकाने लुटली गेली. त्या काळात झामेनहॉफ ज्यूंच्या स्वतंत्र वसाहतीच्या चळवळीत उतरले, यिडिशचे व्याकरणही त्यांनी लिहिले. नंतर ते त्या वाटेवरून मागे फिरले.

२६ जुलै १८८७ रोजी वॉर्सात चाळीस पानांची एक पुस्तिका निघाली. सोळा नियम आणि सुमारे नऊशे धातू. लेखकाचे नाव डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. हे टोपणनावच पुढे भाषेचे नाव झाले. छपाईला पैसे कुठून आले? क्लारा झिल्बेर्निक या तरुणीशी विवाह ठरला होता. तिचे वडील साबणाचे कारखानदार. हुंड्याची रक्कम पुस्तिकेत गेली. हुंड्याचा याहून बरा उपयोग झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही, तरी हुंडा तो हुंडाच!

पुस्तिकेत दोन गोष्टी होत्या, ज्या आमच्यातल्या वकिलाला थांबवतात. एक, लेखकाने सर्व हक्क सोडून दिले; ही भाषा समाजाची मालमत्ता असे जाहीर केले. दोन, वचनपत्रे. एक कोटी लोकांनी असेच वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन, असा मजकूर त्यावर होता. कायद्याच्या भाषेत हे सशर्त वचन. शर्त कधीच पुरी झाली नाही. १८८९ साली झामेनहॉफांनी जी यादी छापली तिच्यात एक हजार नावे व पत्ते होते. पण हाच पत्त्यांचा कागद कामाला आला. अनोळखी माणसे एकमेकांना पत्रे लिहू लागली. भाषा पुस्तकातून टपालपेटीत गेली. आणि बोलणे? अंतोनी ग्राबोव्स्की नावाचा पोलिश रसायन-अभियंता पुस्तिका वाचून झामेनहॉफांच्या घरी गेला आणि दोघे एस्पेरांतोत बोलले. या भाषेतला तो पहिला संवाद मानला जातो.

डॉक्टर मात्र गरीबच राहिले. खेरसोन, ग्रोदनो असे फिरून १८९८ पासून वॉर्साच्या ज्यू मोहल्ल्यात, झिका रस्त्यावर त्यांनी डोळ्यांचा दवाखाना चालवला. रोगी हातावर पोट असलेले, त्यामुळे फी नाममात्र. दिवसा डोळे तपासायचे, रात्री पत्रांना उत्तरे. टॉलस्टॉयचा लेख छापला म्हणून १८९५ साली एस्पेरांतोच्या मासिकाला रशियात बंदी आली.

ऑगस्ट १९०५. फ्रान्समधील बुलोन-सूर-मेर येथे पहिली जागतिक परिषद. वीस देशांतून ६८८ माणसे आली. दुभाषा नाही. लोक चहा पिताना बोलले, बाजारात फिरताना बोलले, निरनिराळ्या देशांच्या नटांनी मोलियेरचे नाटक केले. अठरा वर्षांपूर्वी जी भाषा एका माणसाच्या वहीत होती ती गर्दीत ऐकू येत होती.

पण याच परिषदेत जे घडले ते आम्हाला विसरता येत नाही. फ्रान्समध्ये ड्रेफसचे प्रकरण धगधगत होते. झामेनहॉफ ज्यू आहेत ही गोष्ट पुढे येऊ नये, असे तिथल्या पुढाऱ्यांना वाटत होते. त्यांच्यात एमिल जवाल हे नेत्रतज्ज्ञ होते, ते स्वतः ज्यू. झामेनहॉफ एक प्रार्थना-कविता वाचणार होते. ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान सारे एकाच पित्याची लेकरे, या आशयाचे शेवटचे कडवे त्यांना गाळावे लागले. भाषा चालेल, भाषा घडवणाऱ्याची जात नको! भाड्याच्या खोलीसाठी आडनाव बदलून सांगणारे आमच्यातही आहेत. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

झामेनहॉफ फार काळ गप्प राहिले नाहीत. जून १९०६ मध्ये त्यांच्या जन्मगावी, बियालिस्तोकला, ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी जिनिव्हाच्या परिषदेत त्यांनी त्या रक्तपाताचे नाव घेऊन भाषण केले. भाषा केवळ व्यापाराच्या सोयीसाठी आहे असे ज्यांना वाटते त्यांची वाट आपली नव्हे, हे त्यांनी सुनावले. होमारानिस्मो, म्हणजे माणूस हीच ओळख मानणारा विचार त्यांनी मांडला. भाषा घेणाऱ्या बहुतेकांनी तो विचार घेतला नाही. पुढे काही सुधारणावाद्यांनी 'इदो' नावाची वेगळी भाषा काढली; मालकी नसल्याने झामेनहॉफांना कुणावर दावा ठोकता आला नाही, आणि ते ठोकणारेही नव्हते.

१९१४ साली ज्यू एस्पेरांतिस्टांनी आपली संघटना काढली तेव्हा झामेनहॉफांनी तिच्यात येण्यास नकार दिला. दुबळ्यांचा राष्ट्रवाद बलदंडांच्या राष्ट्रवादापेक्षा अधिक क्षम्य असला, तरी कोणताच राष्ट्रवाद माणसाचे भले करत नाही, अशी त्यांची भूमिका. इथे आमचे त्यांच्याशी जमत नाही. ज्याचे कडवे गाळले गेले त्यालाच आधी स्वतःची संघटना लागते. ज्याचे काहीच गाळले गेले नाही तो तिच्यावाचूनही चालवून घेतो. तरी त्यांचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले. जिनिव्हात १९०८ साली हेक्टर होडलर या तरुणाने जागतिक एस्पेरांतो संघटना स्थापन केली होती. गावोगावी तिचे प्रतिनिधी होते. परका प्रवासी आला की त्याला वाट दाखवणारे. युद्धात याच जाळ्यातून शत्रुदेशांत अडकलेल्या नातेवाइकांची पत्रे पोचवली गेली. युद्ध सुरू असतानाच, १४ एप्रिल १९१७ रोजी, जर्मनांच्या ताब्यातील वॉर्सात झामेनहॉफ हृदयविकाराने गेले. वय ५७.

भाषा राहिली. छातीवर हिरवा तारा लावून अनोळखी माणसे एकमेकांना ओळखू लागली. १९७४ पासून 'पास्पोर्ता सेर्वो' ही यजमानांची यादी निघाली, तिच्यातील पत्त्यांवर एस्पेरांतो बोलणारा प्रवासी फुकट मुक्काम करू शकतो. वेगवेगळ्या देशांच्या जोडप्यांच्या घरात ही भाषा मुलांच्या कानी पाळण्यातच पडू लागली. जमावात स्वतःचीच मायबोली बोलत बसणाऱ्याला 'क्रोकोदिली' म्हणून टोकतात, म्हणजे मगरीसारखे वागणे. थट्टेचे शब्द ज्या भाषेत तयार होतात ती जिवंत असते, असे आम्ही मानतो.

झामेनहॉफांची तीन मुले. हिटलरच्या पुस्तकात एस्पेरांतो हे ज्यूंचे हत्यार ठरले होते. थोरला अदाम, बापासारखाच डोळ्यांचा डॉक्टर, १९४० साली वॉर्साजवळ पाल्मिरीला गोळ्या घालून मारला गेला. मुलगी झोफिया १९४२ साली ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत गेली. धाकटी लिडिया देशोदेशी एस्पेरांतो शिकवत फिरली. १९३८ साली ती अमेरिकेत होती. पैसे घेऊन वर्ग चालवणे हे परवान्याचे उल्लंघन ठरवून तिथल्या अधिकाऱ्यांनी तिचा मुक्काम वाढवला नाही. ती वॉर्साला परतली. तीही ट्रेब्लिंकालाच गेली.